सहा वर्षं उभी असलेली जुनी गाडी रस्त्यावर काढताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची १९६५ सालची चार सिलिंडरची सेडान सहा वर्षं शेडमध्ये उभी आहे. दर रविवारी न चुकता तुम्ही ती जागेवरच दहा मिनिटं चालू ठेवता. तरीही बॅटरी सारखी उतरते, सायलेन्सर कुजलाय आणि ऑइल भरायच्या झाकणाला आतून लोण्यासारखा पांढरट थर येतो. आता इंजिन उघडावं लागेल का, आणि काम झाल्यावर बायकामुलांना घेऊन हिच्यातून लांबच्या प्रवासाला जाता येईल का?

इंजिन उघडायचा विचार सध्या बाजूला ठेवा. तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुधा एकच आहे, ते म्हणजे रविवारची ती दहा मिनिटं. तुम्ही हे मायेनं करता हे प्रश्नातूनच कळतं, त्यामुळे सांगताना जीवावर येतं. पण जागेवर थोडा वेळ चालू करून बंद करणं हे गाडी नुसती उभी ठेवण्यापेक्षा वाईट. २८ वर्षं मी जुन्याच गाड्यांवर काम करतोय. "आठवड्यातून एकदा चालू करतो" असं सांगून आलेल्या गाड्यांची अवस्था बहुतेक वेळा हीच असते.

कारण साधं आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन आणि सायलेन्सर नीट तापलेले असले की ते वाफेच्या रूपात निघून जातं, आपल्या लक्षातही येत नाही. सगळं गार असलं की तीच वाफ सायलेन्सरच्या थंड पत्र्यावर पाणी होऊन साचते. तुमचा सायलेन्सर बहुधा आतून कुजत आलाय. थोडी वाफ पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइल कडक तापलं तर ती उडून जाते, पण दहा मिनिटांत तेवढं तापत नाही. पाण्याचा काटा मधोमध आला म्हणजे ऑइलही गरम झालं असं नसतं. त्याला बराच जास्त वेळ लागतो, आणि तोही गाडी भार ओढत असताना. त्यात तुम्ही चोक ओढून चालू करत असणार. म्हणजे जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं आणि ऑइल पातळ करतं.

बॅटरीचंही तसंच. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांना अल्टरनेटर नाही, डायनॅमो असतो, आणि डायनॅमो आयडलिंगला जवळजवळ काहीच चार्ज देत नाही. सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढं जातं तेवढंही त्या दहा मिनिटांत परत येत नाही. दर रविवारी तुम्ही बॅटरीतून काढताय आणि भरत काहीच नाही. (चार्जर लावण्याआधी एक गोष्ट बघून घ्या: गाडी सहा व्होल्टची आहे की बारा, आणि बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय. त्या वर्षांतल्या काही गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असतं. सवयीनं उलटं जोडून लोक नुकसान करून घेतात.)

एक गोष्ट मात्र मी इथून खात्रीनं सांगू शकत नाही. पांढरा थर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या सांध्यातलं पॅकिंग) गेल्यामुळेही येतो. ते तुम्हालाच ओळखावं लागेल. डिपस्टिक ओढून बघा. थर फक्त झाकणाला आहे आणि डिपस्टिकवरचं ऑइल काळंसरच आहे, तर ती साचलेली वाफ आहे. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल, रेडिएटरचं पाणी कुठेही न गळता कमी होत असेल, किंवा गार इंजिन रेडिएटरचं झाकण काढून चालू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, तर गॅस्केटचा संशय घ्या आणि गाडी चालवू नका. पहिल्या प्रकारातलं असेल तर ऑइल बदला, फिल्टर असेल तर तोही, आणि गाडी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर पळवा. थर पुन्हा आला नाही तर इंजिन उघडायचं काही कारण नाही.

पण "रस्त्यावर पळवा" म्हणताना मीच स्वतःला थांबवतो. कारण उभ्या गाडीत सगळ्यात आधी ब्रेक खराब होतात, आणि ते खराब झालेत हे उभ्या गाडीत कळत नाही. लोक इंजिन चालू झालं की खूश होतात. माझ्याकडे गाडी आली की ती चालू होते का हे मी सगळ्यात शेवटी बघतो.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर हाच आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. उतारावर ड्रम तापले की असं ऑइल व्हील सिलिंडरमध्ये (चाकाजवळ ब्रेक दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरमध्ये) उकळतं, त्याची वाफ होते, आणि पॅडल स्पंजासारखं खाली जातं. शिवाय त्याच ओलीनं व्हील सिलिंडरचे पिस्टन गंजून जागेवर धरतात. तेव्हा सगळं ऑइल काढून नवीन भरा, चारही चाकांच्या ब्रेक पाइपांत अडकलेली हवा काढा, आणि पुढे दर दोन वर्षांनी हे करत राहा. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते जुन्यात मिसळू नका. ड्रम काढून व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्या वर करून बघा. आत ओलसर असेल तर सिलिंडरचे रबर किट बदला, आणि भिंतीवर गंजाचे खड्डे असतील तर सिलिंडरच बदला.

आता होज, म्हणजे चाकापर्यंत ब्रेक ऑइल नेणारे रबरी पाइप. हे मी स्वतः भोगलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझी स्वतःची गाडी पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर उजवीकडे ओढायला लागायची. एका मेकॅनिकनं दोनदा लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) बदलले आणि ॲलाइनमेंट केलं. फरक शून्य. शेवटी एका दुपारी मी ती चालवून आणली आणि लगेच पुढून जॅकवर घेतली. डावं चाक हातानं फिरत होतं, उजवं घट्ट. उजव्या चाकाचा ब्लीड निपल (ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) पाव फेरा सैल केला, ऑइलची एक पिचकारी उडाली आणि चाक मोकळं झालं. म्हणजे दाब आत अडकला होता. पुन्हा ब्रेक दाबून चाक धरवलं आणि या वेळी निपलऐवजी होजच्या वरच्या टोकाचा, लोखंडी पाइपाकडचा नट सैल केला. चाक तसंच घट्ट. म्हणजे मास्टर सिलिंडर (पॅडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा) दाब सोडत होता, होज सोडत नव्हता. होज काढून ब्लेडनं उभा चिरला. बाहेरून रबर अगदी तुकतुकीत होतं, आतून सुजून भोक सुईच्या नेढ्याएवढं राहिलं होतं. पायाच्या जोरानं ऑइल पुढे जात होतं, पण परत यायला तो जोर नसतो. तेव्हापासून उभ्या राहिलेल्या गाडीचे रबरी ब्रेक होज मी बघत बसत नाही, सगळे बदलतो. बाहेरून चांगले दिसतात म्हणून तुम्हीही ठेवू नका.

आणखी एक. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत ब्रेकचं एकच सर्किट असतं. आजच्या गाडीत एक पाइप फुटला तरी निदान दोन चाकं ब्रेक धरतात. इथे एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो आणि हातात उरतो फक्त हँडब्रेक. म्हणून हँडब्रेक फक्त पार्किंगपुरता समजू नका. मोकळ्या जागेत ताशी वीसच्या वेगात तो ओढून बघा. गाडी सरळ रेषेत थांबली पाहिजे.

टायरवर नक्षी भरपूर दिसत असेल, कारण गाडी चाललीच नाही. नक्षीकडे बघू नका, वय बघा. टायरच्या बाजूला डॉट अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात. २३१४ असेल तर २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. तीनच आकडे असतील तर तो २००० च्या आधीचा, सरळ टाकून द्या. दहा वर्षांपुढचा टायर मी कुणाला लांब पल्ल्याला नेऊ देत नाही, मग तो कितीही नवा दिसो.

पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करा. जुन्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येतो, आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये ते खरोखरच वार्निशसारखं चिकटून बसतं. टाकीतून काय निघतं ते पांढऱ्या भांड्यात घेऊन बघा. गंजाची पूड असेल तर टाकी साफ केल्याशिवाय कार्ब्युरेटर उघडण्यात अर्थ नाही, आठवड्यात पुन्हा चोक होईल. त्याहून महत्त्वाचे रबरी पाइप. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आणि साठच्या दशकातलं रबर त्यासाठी बनवलेलंच नव्हतं. ते मऊ पडतं किंवा चिरा जातात, आणि बऱ्याच गाड्यांत हा पाइप तापलेल्या मॅनिफोल्डच्या जवळून जातो. जुन्या गाड्या जळतात त्या बऱ्याचदा इथूनच. टाकीपासचा छोटा तुकडा, पंपाचा डायफ्रॅम, कार्ब्युरेटरपर्यंतचा पाइप, सगळं बदला आणि इथेनॉल चालणारा पाइप घ्या. एसएई जे३० आर९ असं छापलेला मिळाला तर उत्तम. फायर एक्स्टिंग्विशर डिकीत ठेवू नका, ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवा.

बिनशिशाच्या पेट्रोलनं व्हॉल्व्ह जातील का, ही भीती तुम्हाला कुणीतरी घालेलच. शिशामुळे व्हॉल्व्ह सीटला (व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो त्या कड्याला) आधार मिळायचा हे खरं आहे. रस्त्यावरच्या गाड्यांसाठीचं शिशाचं पेट्रोल आता जगात कुठेच मिळत नाही, शेवटी अल्जीरियातही ते २०२१ मध्ये बंद झालं. पण सीट झिजतात त्या जास्त वेगानं, जास्त भारानं सतत पळवल्यावर. सौम्य चालवली तर लगेच काही होत नाही. टॅपेटचं अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) दर काही महिन्यांनी मोजून लिहून ठेवा. ते दर वेळी कमी झालेलं दिसलं तर सीट खाली बसतेय असं समजा, आणि हेड कधी उघडलंच तर तेव्हा कडक सीट बसवून घ्या. त्यासाठी मुद्दाम उघडू नका.

रेडिएटरमध्ये आतापर्यंत नुसतं पाणी असेल तर तपकिरी गढूळ निघेल. ब्लॉक बहुधा बिडाचा आहे, साध्या पाण्यानं तो आतून गंजतो. फ्लश करा, निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी भरा. रेडिएटरचं झाकण मूळ दाबाचंच लावा. जास्त दाबाचं लावलं की जुना रेडिएटर सांध्यावर फाटतो.

इग्निशनच्या पॉइंटवर (उघड-बंद होऊन प्लगची ठिणगी पाडणाऱ्या छोट्या स्विचवर) मात्र थोडा वेळ द्या, कारण ही गोष्ट तुम्ही स्वतः शिकलात तर रस्त्यात कुणाची वाट बघावी लागणार नाही. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा, रोटर वर ओढून काढा. मधल्या दांड्याला चार उंचवटे दिसतील आणि त्यावर टेकलेली पॉइंटची छोटी तपकिरी टाच. चौथ्या गियरमध्ये टाकून गाडी हळूच ढकलत राहा, टाच उंचवट्याच्या माथ्यावर येईपर्यंत. आता पॉइंट पूर्ण उघडलेले आहेत. फीलर गेजचं पातं त्या फटीत घाला. बऱ्याच गाड्यांना हे अंतर ०.४ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेला आकडाच धरा. पातं जाताना किंचित अडलं पाहिजे, अडकलं नाही पाहिजे. ही टाच घासून झिजत जाते, तसं अंतर कमी होतं आणि टायमिंग मागे पडत जातं. मग गाडी गरम होते, चढाला दमते, आणि लोक रेडिएटर आणि कार्ब्युरेटर खोलत बसतात. दांड्याला बोटाच्या टोकावर येईल इतकंच ग्रीस लावा. जास्त लावलं तर उडून पॉइंटवर बसतं.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावावं का? गाडी नियमित चालवणार असाल तर माझी हरकत नाही, झिजायला काही राहत नाही. पण ते बिघडलं की पूर्वसूचना न देता बिघडतं. म्हणून जुने पॉइंट आणि कंडेन्सर सेट करून डिकीत ठेवा.

ऑइलबद्दल दोनच गोष्टी. इंजिनसाठी पुस्तकात सांगितलेली जाडी ठेवा, बऱ्याच गाड्यांत ती २०डब्ल्यू-५० असते, आणि जस्त असलेलं ऑइल घ्या. जुन्या इंजिनात कॅम आणि टॅपेट एकमेकांवर थेट घासतात आणि त्यांना जस्ताचं संरक्षण लागतं. आजच्या गाड्यांसाठी केलेल्या बऱ्याच ऑइलांत ते कमी केलेलं असतं. गियरबॉक्समध्ये जीएल-५ घालू नका, जीएल-४ घाला. जीएल-५ मधली काही रसायनं सिंक्रोच्या (गियर सहज पडावा म्हणून वेग जुळवणाऱ्या यंत्रणेच्या) पितळी कड्यांना खातात. आणि किंगपिनच्या (पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिच्या) निपलना ग्रीस मारताना जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत मारा. ट्रायम्फ हेराल्डसारख्या काही गाड्यांत मात्र पुढच्या ट्रनियनला (चाक वळतं त्या खालच्या सांध्याला) ग्रीस नसतं, गियर ऑइल असतं, तेव्हा आधी पुस्तक बघा.

आता चालवणं. आजच्या गाडीतून उतरून हिच्यात बसलात की पहिले काही दिवस पाय चुकणार. पहिल्या गियरला सिंक्रोमेश नसेल तर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नका, किंवा डबल क्लच शिका: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडा ॲक्सिलरेटर, पुन्हा क्लच दाबून खालचा गियर. जमलं की गियर लोण्यात सुरी जावी तसा जातो. उतारावर ज्या गियरमध्ये चढला असता त्याच गियरमध्ये उतरा. ड्रम ब्रेक एकदा तापले की ड्रम फुगून लायनरपासून लांब जातो, लायनरची पकडही कमी होते, आणि जोरात दाबूनही गाडी थांबत नाही.

वेगाबद्दल मी कडक आहे. ताशी ६० वरून ८० वर गेलात की ब्रेक लागल्यापासून थांबायचं अंतर सुमारे पावणेदोन पट होतं. तुमच्या पुढच्या नव्या गाडीला डिस्क ब्रेक आणि रुंद टायर आहेत. ती थांबेल तिथे तुम्ही थांबणार नाही. पुढे मोठी जागा ठेवा. कुणी त्या जागेत घुसलं तर पुन्हा मागे राहा. रागावू नका.

लांबच्या प्रवासाचं असं करा. आधी घराभोवती दहा किलोमीटर, मग पन्नास, मग दीडशे. प्रत्येक वेळी परत आल्यावर गाडीखाली पुठ्ठा पसरा आणि सकाळी काय सांडलंय ते बघा. सलग तीन फेऱ्यांत नवं काही निघालं नाही तर पुढचा टप्पा. मुलांबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. गाडीला बेल्ट नसतील, आणि ते चेसिसला किंवा मजबूत केलेल्या फ्लोअरला नीट बसवता येत नसतील, तर मी मुलांना हमरस्त्यावर नेणार नाही. गंजलेल्या पत्र्याला बोल्ट मारून बसवलेला बेल्ट धक्क्यात उपटून येतो.

पुढे गाडी किती वेळा काढायची, तर दोन आठवड्यांतून एकदा अर्धा-पाऊण तास, सगळं कडक गरम होईपर्यंत. कधी जमणार नसेल तर चालूच करू नका. बॅटरी सोडवून चार्जरला लावा, टायरमध्ये हवा जरा जास्त भरा, चाकांना ठोकळे लावून हँडब्रेक सोडून ठेवा. ओढून ठेवला तर लायनर ड्रमला चिकटतात. महिन्यातून एकदा क्लच आणि ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे क्लच प्लेट फ्लायव्हीलला धरणार नाही.

तर क्रम असा ठेवा: डिपस्टिक, मग ब्रेक, टायर, पेट्रोलचे पाइप, मग बाकीचं. पहिल्या दहा किलोमीटरवरून परत आलात की शेवटचं काही अंतर ब्रेक न दाबता हळू आणा आणि चारही ड्रमजवळ हाताची पाठ न्या, आधी थोडी लांब, मग जवळ. एखादा ड्रम बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त गरम लागला, तर कुठल्या चाकाचा ते कळवा, आणि त्या चाकाचा होज बदलला होता की नाही तेही.